दादा म्हणजे कोण?

एटापल्ली,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय दादास,

रंजीताचा सेवा जोहार. वहिनी आणि मुलं बरी असतील. आमच्याकडे धानाची कापणी झाली, चुरणा-मळणी बाकी आहे. आई ठीक आहे. चंद्रपुरात चालवतोस तो तुझा ऑटो चार वर्षांत गावाकडे एकदाही वळला नाही का, असं मात्र रोज विचारते.

काल गडचिरोलीला जाऊन मी अपील दाखल केलं. चार वर्षांपूर्वी दोन पोलिसांनी मला तीन दिवस ठाण्यात डांबून मारलं, त्याबद्दलचा माझा दावा खालच्या कोर्टाने नोव्हेंबरात फेटाळला. माझ्या वकीलसाहेबांनी केस सोडली, कागद परत केले. मग मीच लिहायला बसले. निकालाची नक्कल जोडली नाही म्हणून कोर्टातल्या बाबूने एकदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा चष्म्यावरून पाहत म्हणाला, "काऊन बाई, वकील नाई केला?"

"नाई. मार मलेच बसला, मीच सांगीन."

त्याने शिक्का मारला.

निकाल मी सात वेळा वाचला. सगळं एका शब्दावर अडलंय. पोलिसांनी विचारलं होतं, काल घरी कोण जेवलं? मी म्हटलं, दादा. आपल्या घरात दादा एकच. त्यांच्या कानाला दादा म्हणजे जंगलातले बंदूकवाले. पुढे कोर्टात त्यांच्या वकिलाने विचारलं, "त्या दादाचं नाव सांगा." मी गप्प राहिले. निकालात लिहिलंय, वादी नाव सांगू शकली नाही, म्हणून पोलिसांचा संशय वाजवी होता. संशय वाजवी असला तरी माझा हात मोडणं कसं वाजवी, हे मी अपिलात पहिल्याच मुद्द्यात विचारलंय.

थोरल्या भावाचं नाव कसं घ्यायचं म्हणून मी गप्प बसले, असं गावाला वाटतं. मीही तसंच वाटू दिलं. खरं तसं नाही. तुलाही उचलतील, याची भीती वाटली. आणि तू आपणहून येऊन सांगशील, अशी आशा होती. तू आला नाहीस. मला राग आहे, दादा. खूप राग आहे.

नवा साक्षीदार घ्यावा, असा अर्ज अपिलाला जोडलाय. त्यात तुझं नाव मी तुला न विचारता लिहिलं. तारीख वीस जानेवारी, सकाळी साडेदहा. आलास तर "हाच माझा दादा" एवढंच म्हणेन, बाकी तू बोल. नाही आलास तर नाव तोंडाने घ्यावं लागेल, आणि मी घेईन.

अपीलकर्ती, स्वतः,
आणि अजून तुझी बहीण,
रंजीता