साहेबाच्या काकाचे चार सामने

मंगळवार, ११ नोव्हेंबर. बुकित बातोक, सिंगापूर.

जुरोंग आयलंडवरच्या कामावरून परतताना बसमध्येही डोकं तापलेलंच होतं. आमचा ऑस्ट्रेलियन साहेब कोलिन चहाच्या सुट्टीत पुन्हा काकाची गोष्ट घेऊन बसला. लांबट चेंडूचं ते त्यांचं फुटबॉल. काका मोठ्या क्लबकडून चार सामने खेळला, मग सैन्यात गेला आणि इथे सिंगापुरात जपान्यांच्या कैदेत मेला. चारच सामने, पण कोलिनला त्यातला गोल न् गोल पाठ.

न राहवून मी म्हणालो, "माझ्या आजोबांचा धाकटा भाऊही इथेच कैदेत मेला."

"स्वयंपाकी होता का?"

"शिपाई होता. लढला होता."

"नाव काय त्याचं?"

मला सांगता येईना. तो नुसता हसला. हा माणूस मला कधीच आवडला नाही, आज तर किळस आली.

घरी येताच नागपूरला बाबांना फोन लावला. आजोबांच्या भावाचं नाव विचारलं. ते म्हणाले, "सगळे त्याला लहान्याच म्हणायचे रे. खरं नाव विचारायचं राहूनच गेलं."

त्यांच्यावरही चिडलो, फोन ठेवून दिला. पण चाळीस वर्षांच्या आयुष्यात मी तरी कुठे विचारलं होतं?