घोड्याखालचं चामडं

भाद्रपद वद्य ४, शके १८३३

काडतुसं झाली एकदाची! उडालेली सहा घेतली, घोडा पडून ठेचलेली बुडाची टोपी उचकटून काढली, त्या भोकात मृदंगाचं चामडं ठासलं, वर चिंचोक्याची खळ. चामडं पलीकडच्या रामस्वामीचं — तो मृदंग मढवतो. इन्स्पेक्टरच्या घरात कसला मृदंग, म्हणून हसला.

ह्यांच्या पिस्तुलासाठी! तापातून उठल्यापासून ह्यांची उजवी बोटं आखडलीत, आणि दसऱ्यानंतर गोऱ्या साहेबापुढे नेमबाजीची परीक्षा. नेम चुकला की नोकरी गेली. म्हणून रोज सकाळी मागच्या खोलीत गोळीविना सराव. पण आत काही नसताना घोडा आपटत राहिला तर त्याचं टोक मोडतं. आता तो चामड्यावर पडेल. खरी काडतुसं कुलपात, किल्ली माझ्या कमरेला.

वद्य ६

चुलीपाशी बसून मोजते. ठप्. ठप्. चामड्यामुळे आवाज दबका येतो. आज एकवीस! जेवताना म्हणाले, सरी, तुझ्या काडतुसांनी पिस्तुलाला म्हातारपण येणार नाही. मी म्हटलं, तुमच्यासाठीही शिवून देऊ का काही? किती दिवसांनी हसले!

वद्य १२

चामड्याला खड्डे पडलेत. सहाही बदलली. हात खळीने चिकट, आमटीत मीठ दोनदा पडलं. मुकाट्याने जेवले. गुणाचा माणूस.

आश्विन शुद्ध ३

आवाज बदललाय. ठप् नाही — टक्! खणखणीत. कालच बदललेलं चामडं फाटलं वाटतं.

शुद्ध ४

फाटलेलं नाही. कोरं आहे! सहाच्या सहा — एक ओरखडा नाही. मग आज सकाळी चाळीस वेळा वाजलं ते काय?

शुद्ध ५

दाराच्या फटीतून पाहिलं. पिस्तूल मांडीवर, फडक्यात गुंडाळलेलं. उजवा हात नुसता पडलेला, बोट आता वळतच नाही. डाव्या हातात अडकित्ता. सुपारी नाही काही नाही — नुसता उघडायचा, मिटायचा. टक्. टक्. मला ऐकू जावं म्हणून!

पाय न वाजवता चुलीपाशी आले. जेवताना विचारलं, आज किती? म्हणाले, "चाळीस झाले की."

शुद्ध ६

चामडं बदललं. जुनं कोरंच होतं, तरी बदललं. नाही तर त्यांना कळेल की मला कळलं.

शुद्ध ७

परीक्षेला पंधरा दिवस. चौघांत ह्यांचं बोट वळणार नाही, मान खाली जाईल — ते मला बघवायचं नाही. नोकरी राहिली काय, गेली काय! मला हा माणूस हवा, खोटंखोटं अडकित्ता वाजवणारा. पण तोंडाने कसं सांगू? सकाळी उठून ते इतके नीट कपडे करून बसतात.

तुला सांगते, वहीबाई. उद्या संध्याकाळी तूही सरस्वतीपूजेच्या ग्रंथांखाली जाशील, तुझी दौत शेजारी. नवमीला लिहायचं नाही, वाचायचं नाही. पूजेत वह्या-ग्रंथ मांडणारे हे, पण बायकांची वही उघडायचे नाहीत ते.

शुद्ध १०, दसरा

काल नवमीच्या आयुधपूजेला पाटावर सगळी हत्यारं मांडली ह्यांनीच. माझी विळी, सुई, मधे पिस्तूल. लोखंडाला ओलं गंध नको म्हणून मुठीच्या लाकडावरच कुंकू. आणि पिस्तुलाशेजारी पितळी अडकित्ता! त्याला गंध, फूल, सगळं साग्रसंगीत. मी वर बघितलंच नाही.

आज पूजा उचलताना म्हणाले, "सरी, त्यानेही नोकरी केली की."

अडकित्त्याखाली कागद होता. निवृत्तीचा अर्ज, डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरांत, अष्टमीची तारीख. शाई जांभळी.

जांभळी शाई या घरात एकच. ह्या वहीची.