तिने बांधलेली गाठ

ती. ताईस,

डोलत्या बोटीवरून जमेल तितका सरळ नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? आणि माझ्या बायकोची तब्येत? (ती तुझ्याचकडे आहे, म्हणून तुला विचारायची पाळी.) नवऱ्याशी भांडून बायका माहेरी जातात. ही नणंदेकडे गेली! आमच्या लग्नापासून तिला माहेरचं दार बंद आहे हे कबूल, पण म्हणून माझी एकुलती एक बहीण पळवायची? आता माझी बाजू घेणार कोण?

मी ओरडतो, असं तिने सांगितलंच असेल. अगं, शिडाच्या बोटीवर संसार थाटला की ओरडावंच लागतं! ही पुढच्या टोकाला नांगर घेऊन उभी, मी मागे सुकाणूवर, मध्ये फडफडणारं शीड. 'राणी, जरा डावीकडे बघ' हेसुद्धा बोंबलून म्हणायचं. त्यात वारा असा खोडसाळ, की 'राणी' समुद्रात पडते आणि 'आंधळी आहेस का' तेवढं नेमकं पोचतं. आम्ही बंदरात शिरलो की कोळी जाळी विणायचं सोडून ऐकत बसतात. म्हणून हिने हाताच्या खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे थांब, पंजा म्हणजे चल. (जिच्यापायी कॉलेज अर्ध्यात सोडलं, तिच्याशी मुक्याचा संसार!)

ती गेली त्या दिवशी तिने मूठ दाखवली. मला दिसली. पण मी सकाळपासून तापलेला, मुठीला कोण विचारतो? बोट वाळूत रुतली. ओहोटी लागली तशी कुशीवर कलंडली. भरती येईपर्यंत आम्ही तिरक्या भिंतीला टेकून बसलो. तिरक्या स्टोव्हवर भांडं धरून तिने चहा केला, हात भाजून घेतला, पहिला कप मला दिला. मी म्हटलं, 'ओरड ना माझ्यावर!' ती म्हणाली, 'दमले रे.' एवढंच. ताई, भांडणाला उत्तर देता येतं गं. याला काय देऊ?

बोट धक्क्याला लागल्यावर तिने दोर खुंट्याला बांधला, पिशवी घेतली, उतरली. मला वाटलं, पाव आणायला गेली. संध्याकाळपर्यंत मी दोन कप मांडून बसलो होतो.

असो. मी अगदी मजेत आहे. भात जमतो (खालचा सोडून). फाटकी शिडं शिवून द्यायचं आमचं काम तेवढं थांबलंय. तिची सुई अर्ध्या टाक्यावर टोचलेली आहे, ती काढवत नाही.

तुझा धाकटा

ता.क. हे पत्र तिला दाखवू नकोस. टेबलावर उघडं राहिलं, तर मात्र तुझा नाइलाज.

ता.क. खरं काम राहिलंच. वादळाचे दिवस आले. धक्क्यावरचा मुकादम रोज बजावतो, बोट आत खाडीत ने. पण तिने बांधलेली गाठ मला सुटत नाही. तेवढ्यापुरती तिला पाठव.

ता.क. भाऊजी म्हणतील, असली गाठ आखूड टोक ओढलं की सुटते. त्यांना म्हणावं, गप्प बसा. मी ओढून पाहिलं होतं. सुटायला लागली, तशी घाईघाईने परत आवळली.