शेनॉनची खोली मोजायची नाही

१ जून २००२, शनिवार
जेरार्डच्या ऑफिसातून मिळालेली डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. आजपासून लिहिणार. कारण गंभीर आहे.

कंपनीचं सर्क्युलर आलंय. या महिन्यापासून स्टाफच्या फ्लॅटचं विजेचं बिल कंपनी महिन्याला चारशे दिरहॅमपर्यंतच भरेल. आजवर सगळं तीच भरायची, त्यामुळे शारजातल्या अल मजाजच्या या घरात इतकी वर्षं राहून आम्ही बिलाचं तोंड पाहिलेलं नाही. सर्क्युलरखाली सही आत्माराम देसाईंची. ते अ‍ॅडमिनमध्ये आहेत आणि आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची बायको कुमुद माझी मैत्रीण. तिने आधी काही सांगितलं नाही, हे लक्षात ठेवणार.

जेरार्डने कागद दोनदा वाचला आणि गप्प बसला. त्याला कळलं नसावं. मी समजावलं: लिमिट चारशे, म्हणजे बिल चारशेच्या वर जाऊच शकत नाही. मेंटल अरिथमेटिकसाठी सिस्टर पर्पेच्युआने मला सहावीत होली पिक्चर दिलं होतं. अजून प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. जेरार्ड बरं म्हणाला. त्याचं बरं मला फारसं आवडत नाही.

३ जून
बाहेर चव्वेचाळीस. चारही एसी सुरू. लिमिट आहे तर भीती कसली? मीना बाजारजवळच्या त्या हॉटेलात ठरलेले पैसे दिले की पुऱ्या हव्या तेवढ्या खाता येतात. तसंच हे.

लेकीच्या, शेनॉनच्या, खोलीतला एसी तर ती गेल्या सप्टेंबरात टोरांटोला शिकायला गेली तेव्हापासून चालूच आहे, पण लो वर. तिथे कोणी राहत नाही, म्हणजे तिथे वापर नाही. तिची गिटार आहे आणि फर्स्ट कम्युनियनची मेणबत्ती. या उन्हात मेण टिकायचं नाही.

७ जून, शुक्रवार
मिस्सा झाल्यावर शेनॉनला फोन. मम्मा, इट्स रेनिंग अँड आय अ‍ॅम लेट, म्हणाली. नाताळात येणार हे नक्की. दुपारी तिच्या खोलीचे पडदे धुवायला काढले. नाताळ लांब आहे, पण पडदेही जाड आहेत.

३ जुलै
पहिलं बिल. पाचशे बासष्ट. जेरार्डला दाखवलं आणि म्हटलं, बघ, कंपनीला भरायचे चारशेच, म्हणजे वरचे एकशे बासष्ट आपल्याला माफ. दोन हजारांवर रुपये झाले. असा फायदा आमच्या गावी वसईला कोणाला होतो?

जेरार्ड बरं म्हणाला.

४ जुलै
कुमुदला फायद्याची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग पाणी मागितलं, मग पुन्हा हसली. म्हणाली, अगं इनेज, चारशेवरचं जेरार्डभावजींच्या पगारातून कापतात. हे तिच्या नवऱ्यानेच ठरवलंय, तर तिला माहीत असणारच.

घरी येऊन जेरार्डला विचारलं, तुला ठाऊक होतं का. म्हणाला, पहिल्या दिवसापासून. मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, सिस्टर पर्पेच्युआच्या पुढे मी काय बोलणार.

५ जुलै, शुक्रवार
जेरार्डने निर्णय ऐकवला. मिस्सेहून येताना गाडीतच, म्हणजे मला उठून जाता येऊ नये म्हणून. शेनॉनची फी आणि वर हे कापलेले पैसे, दोन्ही जमणार नाही. म्हणून तर यंदा वसईलाही गेलो नाही. सप्टेंबरात फ्लॅटचं कॉन्ट्रॅक्ट बदलतं. कंपनी रोल्याला एक बेडरूमचा फ्लॅट देतेय आणि भाड्यातला फरक हातात. जुलैचं बिल चारशेच्या आत आलं तर इथेच राहू. नाही आलं तर रोला.

रोल्याच्या फ्लॅटमधून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात. आणि एक बेडरूम म्हणजे शेनॉन नाताळात येऊन झोपणार कुठे? हे मी विचारलं. तो सिग्नलकडे बघत राहिला.

मी म्हटलं, कबूल. चारशे म्हणजे काय मोठं. वसईत गिरीजच्या आमच्या घरी पंखासुद्धा नव्हता. खिडक्या सताड उघड्या, बावखलाच्या पाण्यावरून येणारा वारा, आम्ही पाच भावंडं एका चटईवर आणि पाय कोणाचे कोणावर. अशा मुलीला विजेचं कौतुक ते काय?

६ जुलै
नियम. गीझर बंद. तसा तो इथे उन्हाळ्यात सगळेच बंद ठेवतात. गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंडच्या नळाला उकळतं पाणी येतं, आणि घरातल्या बंद गीझरमध्ये साठलेलं तेवढं गार. म्हणून आंघोळ गरमच्या नळाने. शेनॉन लहानपणी वसईला हे सांगायची तर मामेभावंडं तिला खोटारडी म्हणायची.

ओव्हन बंद. इस्त्री आठवड्यातून एकदा. हॉलमधला एसी संध्याकाळी. गेस्टरूमचा नाहीच. शेनॉनची खोली नियमात घेतलेली नाही, कारण ती वापरातच नाही.

९ जुलै
दुपारी कुमुदकडे बसले. तिचा एसी फार छान आहे. तिला सोबत झाली.

१३ जुलै
कुमुदकडे जाताना जेरार्डचे शर्ट आणि इस्त्री घेऊन गेले. गप्पा मारता मारता काम होतं. कुमुदने विचारलं, भावजींना एकूण शर्ट किती आहेत?

१५ जुलै
दुपारी दोनला दारात कुमुद. काखेत मिक्सर, हातात भिजवलेली डाळ. म्हणाली, आमचंही बिल वाढतंय हो, आता काही दिवस तुझ्याकडे बसते. मी हॉलचा एसी नियमाप्रमाणे लावला नाही. दोघी सर्क्युलरने वारा घेत बसलो. कुमुदची प्रत आणि माझी प्रत. तासाभराने ती मिक्सर इथेच ठेवून वर गच्चीत वाळवण बघायला गेली. तिथे जास्त गार आहे म्हणाली.

२१ जुलै
महत्त्वाचा शोध. जिन्याजवळच्या कपाटात आमचा मीटर आहे आणि त्यात एक चकती फिरते. चकती जोरात म्हणजे वापर जोरात. मी घरातलं सगळं बंद केलं. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिजसुद्धा. बाहेर जाऊन पाहते तर चकती गरगर फिरतेय. म्हणजे मीटर खराब. एवढे दिवस मी उगीच घामाघूम होत होते. जेरार्डला ऑफिसात फोन करून आनंदाची बातमी दिली.

२२ जुलै
आत्माराम तपासायला आले. मी पुन्हा सगळं बंद करून दाखवलं. ते मीटर बघून आत आले, पॅसेजमध्ये थांबले, आणि खाली आपल्या पायांकडे बघू लागले. पायाला गार लागतंय वहिनी, म्हणाले. त्या दाराच्या फटीतून येतंय. तिथे कोण असतं?

मी म्हटलं, शेनॉनची खोली. तिथे कोणी नसतं.

त्यांनी वाकून फटीपुढे हात धरून पाहिला. मग म्हणाले, मीटर चांगला आहे. चहा न घेताच गेले. बिचाऱ्यांना कामं फार असतात.

४ ऑगस्ट
जुलैचं बिल पाचशे अठ्ठेचाळीस. कारण उघड आहे. जुलैला एकतीस दिवस असतात.

पण मला दुसरा मार्ग सुचला. जानेवारीत, फेब्रुवारीत आपण एसी लावत नाही. तेव्हाचं बिल चारशेच्या खूप खाली असणार. मग ते उरलेले इकडे उन्हाळ्यात का धरू नयेत? आत्मारामांना फोन केला. म्हणाले, लिमिट दर महिन्याचं असतं, वहिनी. या महिन्यात उरलं ते पुढच्या महिन्यात जात नाही. मी म्हटलं, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जूनचे गोल्ड स्टार मार्चपर्यंत धरायचे. ते म्हणाले, तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये अर्ज करून बघा.

जेरार्डकडे ऑगस्टची मुदत मागितली. बरं म्हणाला. आज मात्र त्याचं बरं मला आवडलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार
स्वतःशी प्रामाणिक राहून एक प्रयोग केला. शेनॉनचा एसी बंद केला. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. खोली एकदम गप्प झाली. इतके महिने त्या घरघरीमुळे आत कोणी आहेसं वाटायचं, हे आज कळलं.

जरा वेळाने आत गेले. मेणबत्ती डावीकडे झुकलीय असं स्पष्ट दिसलं. एसी लगेच लावला.

प्रयोग यशस्वी. बंद करता येत नाही, हे सिद्ध झालं. बदल्यात दुसरे कडक नियम: टोस्टर बंद, वॉशिंग मशीन एकाआड एक दिवस, देवासमोरचा छोटा लाल बल्बही काढला. येशूला अंधाराची सवय आहे, गोठ्यात जन्मलाय.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
दुपारी रोझरी सोडून कुमुदबरोबर बर दुबईला जाणार होते, अब्राच्या होडीतून खाडीपलीकडेही. पण ऊन पाहून बस स्टॉपवरूनच दोघी परत आलो. जेरार्ड हॉलमध्ये नव्हता. बेडरूममध्येही नव्हता.

शेनॉनच्या खोलीचं दार ढकललं. तिच्या पलंगावर तो आडवा, पाय बाहेर लोंबतायत, छातीवर पेपर, चष्मा तिच्या उशीवर. गाढ झोप. एसीचं बटण हाय वर. मी कायम लो वर ठेवते. पलंगाखाली आणखी जुने पेपर. म्हणजे हे आजचं नाही. शुक्रवारी मी दुपारच्या रोझरीला चर्चमध्ये जाते, तेव्हाचं असणार.

दार हळूच ओढून घेतलं. बटणाला हात लावला नाही.

चहाच्या वेळी बाहेर आला, गालावर उशीच्या झालरीचा छाप. मी विचारायच्या आत म्हणाला, एसी बंद आहे ना ते बघायला गेलो होतो. मी विचारलं, मग? म्हणाला, ठीक आहे. काय ठीक आहे ते मी विचारलं नाही. त्याला दुसरा कप दिला.

३ सप्टेंबर
ऑगस्टचं बिल पाचशे एक्याऐंशी. लाल बल्ब परत लावला.

रात्री जेवायला बसलो. जेरार्ड म्हणाला, रोल्याहून मासळी बाजार जवळ आहे. मी म्हटलं, हो, आणि बसही मिळते.

२६ सप्टेंबर
शिफ्टिंग झालं. कुमुदने रडून घेतलं आणि मिक्सर परत नेला. गिटार कपाटावर. मेणबत्ती फ्रिजच्या दारात, अंड्यांशेजारी, अगदी उभी राहते. हे आधीच सुचायला हवं होतं, पण तेव्हा खोली होती.

इथलं लिमिट अडीचशे. अजिबात चिंता नाही.

२३ डिसेंबर, सोमवार
शेनॉन आली. हॉलच्या सोफ्यावर तिचा बिछाना केला. नवीन चादर, तिची जुनी उशी. मी हळूच म्हटलं, तुझी खोली राहिली नाही गं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, इट्स कोझी, मम्मा. राहणार पाच दिवस. नंतर मैत्रिणीच्या लग्नाला गोव्याला, आणि तिथून थेट परत.

थंडीचे दिवस, तरी तिच्यासाठी एसी लावायला उठले. तिने मला खाली बसवलं आणि खिडकी उघडली. म्हणाली, आय नेव्हर स्लेप्ट विथ द एसी ऑन. तू गुड नाइट म्हणून गेलीस की मी बंद करायचे आणि खिडकी उघडायचे. त्या घरघरीने मला झोपच यायची नाही.

हे इंग्रजी-मराठी मिसळून, केळं खाता खाता.

मग फ्रिज उघडला आणि मोठ्याने हसली. मेणबत्ती बाहेर काढून जेरार्डला दाखवू लागली. ही वाकडी कशी झाली माहितेय, डॅडा? कम्युनियनच्याच दिवशी स्कूल बसमध्ये मी हिच्यावर बसले होते. मम्मा ओरडेल म्हणून सांगितलं नाही.

जेरार्डने माझ्याकडे पाहिलं. मी मेणबत्ती तिच्याकडून घेऊन जागेवर ठेवली. अंडी नीट लावली.

२८ डिसेंबर
एअरपोर्टहून परत. खिडकी उघडीच आहे.

२० जानेवारी २००३
डिसेंबरचं बिल आलं. शहाण्णव. लिमिटच्या आत, तेही कितीतरी आत. जेरार्डने दोनदा वाचलं आणि म्हणाला, बघ, जमलं तुला. मी बरं म्हटलं.

दुपारी आत्मारामांना ऑफिसात फोन केला. नवीन घराबद्दल सांगितलं, कुमुदच्या गुडघ्याबद्दल विचारलं. मग विचारलं, डिसेंबरचं उरलंय ते थोडं पुढे धरता येईल का. सगळं नको, थोडंच.

ते हसले नाहीत. वहिनी, म्हणाले, मागेच सांगितलं ना. महिना संपला की उरलेलं खलास.

आवाजावरून त्यांचा मूड बरा वाटला नाही. उद्या पुन्हा विचारून बघेन. सोफ्यावरची चादर तोवर राहू देते.