बेडकाचं वय

१९ डिसेंबर १९५८, शुक्रवार

छापून आलं! 'राहू गावच्या विहिरीत शंभर वर्षांचा जिवंत बेडूक — चार पुरुष खोल, खडकात!' खाली 'दौंडच्या वार्ताहराकडून'. तो वार्ताहर मी.

पाहिलं होतं ते इतकंच — वस्तीची विहीर इमाम खोदत होता. कमरेइतक्या मातीत खरबरीत पाठीचा बेडूक निघाला. थंडगार, डोळे मिटलेला. उन्हात धरला तेव्हा गळा हलला. खोली आणि खडक माझ्या पदरचे. शंभर वर्षंही. पाठशाळेत अलंकारशास्त्र घोकलं, त्याचं काहीतरी व्हायला हवं ना!

२२ डिसेंबर

राहूहून निरोप. खोदकाम बंद पडलंय.

२३ डिसेंबर

जाऊन आलो. खड्ड्याच्या काठाला हळदकुंकू, नारळ. वस्तीचे पुढारी हौसराव माझं कात्रण खिशात घेऊन हिंडतात. "जिमिनीचा धनी हाय त्यो. शंभर वर्सं बसलेला उठवला. आता कुदळ मारली तर पाणी लागायचं न्हाई."

म्हटलं, वर्षं मी घातली.

"छापून आलंय न्हवं? मग!"

माझ्या छापील शब्दापुढं माझ्या तोंडच्या शब्दाला किंमत नाही!

म्हाळसाबाई दीड मैलावरून, नदीवरून येत होती. डोक्यावर दोन हंडे. थांबली. "आलं का पेपरवालं! उन्हाळ्यात नदी आटली की तुमचा पेपर पिळून पाणी काढू व्हय?"

इमाम बांधावर बसलेला. "आप्पा, मी तवाच बोललो व्हतो. थंडी पडली की ह्यो दरसाल मातीत जातो. मागल्या पायानं उकरत उलटा घुसतो. खात न्हाई, पीत न्हाई, पडून ऱ्हातो. तुमी त्ये लिवलंच न्हाई."

नाही लिहिलं. खरं होतं, म्हणून नीरस वाटलं.

इमामनं ओल्या पोत्यात ठेवलेला बेडूक मागून घरी आणला.

२४ डिसेंबर

घमेल्यात ओलसर काळी माती, वर बेडूक. दिवसभर मठाधिपतीसारखा बसून. दहा वेळा उठून पाहिलं — तो ढिम्म! दिवेलागणीला बूड हलवू लागला. मागं, खाली, मागं, खाली — शेवटी नुसते दोन डोळे, मग तेही नाहीत. वर माती सारखी. भोक नाही, खूण नाही. म्हणून तर खोदणाऱ्याला वाटावं, हा इथं युगानुयुगं!

२५ डिसेंबर

मेला तर नाही? उकरलं. आहे. गळा फार सावकाश हलतो.

२६ डिसेंबर

पुन्हा उकरलं. ही म्हणाली, "त्याला तरी झोपू द्या. मला तर देतच नाही."

२७ डिसेंबर

छापलेलं छापल्यानंच पुसणार. संपादकांना लिहिलं — वय, खोली आणि खडक तिन्ही माझ्या पदरचे. बेडूक याच हिवाळ्यात मातीत गेलेला. इमामचं म्हणणं नावासकट छापा. बारा वर्षांत पहिली दुरुस्ती. पत्र टाकलं आणि पेटीत हात घालून पाहिला. पोचत नाही.

३१ डिसेंबर

काही नाही. घरात येरझाऱ्या. म्हाळसाबाईचे हंडे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

३ जानेवारी १९५९

माझा अंक आज आलाच नाही. राहवेना — राहू गाठलं. तिथं एस.टी.नं एक अंक आधीच पोचलेला! सगळी वस्ती गोळा. हौसराव मोठ्यानं वाचत होते. "'इमाम यांचे म्हणणे असे की'" — यावर इमामनं मुंडासं सावरलं. संपल्यावर हौसराव अडखळले, माझ्याकडं बघितलं, अंकाची घडी घातली. "खाली जाहिराती हायत," म्हणाले. मग ओरडले, "छापून आलंय म्हंजी खरंच हाय! घ्या रं कुदळी!"

इमाम खड्ड्यात उतरला. पहिला घाव पडला!

५ जानेवारी

स्टेशनावर परवाचा अंक मिळाला. दुरुस्तीखाली जाहिरात नाही. एक ओळ आहे — 'सदर वार्ताहराचा या पत्राशी आजपासून संबंध नाही.'

समोर मी उभा होतो, म्हणून हौसरावांनी ती वाचली नाही.