खलशांचं पाणी

रविवार, ५ जानेवारी

८.४! पीएच तीनदा मोजला. मीटर आधी तपासून घेतला होता, म्हणजे चूक मीटरची नाही. आमच्या इमारतीच्या बोअरचं पाणीच असं — क्षारांनी जड.

सात खलशे मासे आहेत काचेच्या टाकीत. बाबांच्या तळ्यातले. गावचं, डोमजूरचं तळं भराव घालून बुजवलं, त्याच्या आदल्या दिवशी मी बादलीतून आणले. तळं विकायच्या कागदावर सही माझी. बाबांना इथे बेलघरियाच्या फ्लॅटमध्ये आणलं तेही मीच. हल्ली ते विसरतात — जेवलो की नाही, आज वार कोणता. पण सकाळी टाकीसमोर वेताच्या बुटक्या बैठकीवर, मोड्यावर बसून मासे मोजतात. सात. कधी चुकत नाहीत. हे सात गेले तर दुसरे आणायला तळंच उरलेलं नाही.

पुस्तकात ७ लिहिलंय. मी ७ करणार.

गॅलिफ स्ट्रीटच्या पाळीव माशांच्या बाजारातून आम्लाची बाटली आणली. दुकानदार हाबुलदा ती देता देता म्हणतो, "तराजूवाले दादा, मासे खातायत ना? पोहतायत ना? मग पाण्याच्या मागे कशाला लागता? आज आकडा खाली ढकलाल, उद्या उडी मारून वर येईल. मासे त्या उड्यांनीच मरतात."

याला काय सांगायचं! एकवीस वर्षं प्रयोगशाळांचे तराजू दुरुस्त करतोय. मी नववी नापास माणूस — पण कॉलेजातले प्राध्यापक वजनं तपासायला माझ्याकडेच पाठवतात.

सोमवार, ६ जानेवारी

वीस थेंब. अर्ध्या तासात ७.१! बायकोला, सुतपाला, स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. "मग? माशांना पगारवाढ मिळणार का आता?" म्हणाली.

मंगळवार, ७ जानेवारी

सकाळी पुन्हा ८.३. तीस थेंब. दुपारी ७.०.

बुधवार, ८ जानेवारी

८.२. चाळीस.

गुरुवार, ९ जानेवारी

एका खलशाच्या कुशीवर पांढुरका डाग. पर मिटून तळाशी बसलाय. बाबा काचेला नाक लावून किती वेळ बघत होते.

"घाव आलाय, खोका. पौषात येतोच." अजून मला खोकाच म्हणतात, म्हणजे बाळ.

"पाण्याचा दोष आहे बाबा. मी बघतोय. तुम्ही बसा."

"तळ्यात आपण काय करायचो —"

"बसा हो."

त्यांना पीएच समजावत बसलो नाही. काय कळणार!

शनिवार, ११ जानेवारी

८.९. शक्यच नाही. आम्ल घालतोय मी, आणि पाणी वर जातंय!

दगडांचा संशय आला. सगळे बाहेर काढून एकेकावर व्हिनेगर सोडलं — दगडात चुनखडी असती तर फेस आला असता. एकावरही आला नाही. वाळू तशीच तपासली. निर्दोष. पंचावन्न थेंब घातले.

डागवाला मेला. बाबा मोड्यावरून एवढंच म्हणाले — "सहा."

सोमवार, १३ जानेवारी

९.०. आणखी दोन गेले. बाबांनी आज मोजलं नाही.

हाबुलदाला फोन केला. म्हणाला, "दादा, घरातलं कोणीतरी पाण्यात काहीतरी टाकतंय. पाणी आपल्या पायांनी नऊवर चढत नाही." मी फोन ठेवला. आमच्या घरात तीन माणसं. कोण टाकणार?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुतपा पिठे करत होती, तांदळाच्या पिठाचं सणाचं गोड. नारळ खवता खवता सहज बोलली, "बाबांना पानाला चुना किती लागतो हो हल्ली! चार दिवसांत तीन पुड्या."

तीन वाजता मी दाराआड उभा राहिलो. बाबा आले. चहाच्या कपात चुना कालवला. थोडा निवळू दिला. मग चमच्याने टाकीच्या एका कोपऱ्यात, दुसऱ्या कोपऱ्यात, असे चारी कोपरे केले — तळ्याला फेरी घालत शिंपडायचे, अगदी तसं.

मी ओरडलो. "तुम्ही मारलेत! तुम्ही मारलेत त्यांना!"

"घावावर चुनाच घालतात रे, खोका... थोडासाच घातला."

"ही टाकी आहे, तळं नाही! तळं गेलं तुमचं!"

कप फुटला. सुतपा पिठाच्या हातांनी धावत आली. "अहो, पुरे!"

मला पुरे वाटेना. आणखी बरंच बोललो. ते लिहीत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

बाबा आतल्या खोलीत. मोडाही आत नेलाय. चार मासे उरलेत.

रविवार, १९ जानेवारी

हाबुलदाकडे गेलो. सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं, हसला नाही.

"बाटली गटारात ओता आधी. रोज टाकीतलं दहावा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच फिल्टरचं मऊ पाणी घालायचं. थंडगार नको, टाकीतल्याइतकंच कोमट. बदामाची दोन वाळकी पानं सोडा. क्षार कमी झाले की आकडा आपसूक उतरेल आणि खालीच राहील. दिवसात दोन दशांशांपेक्षा जास्त उतरला तर हात आखडायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला जड जाईल, दादा. यात स्वस्थ बसायचं असतं."

आज ८.६.

बुधवार, २२ जानेवारी

८.३.

रविवार, २६ जानेवारी

७.९. पानांनी पाणी फिकट चहासारखं झालंय. चौघेही खायला वर येतात. मी हाक मारली — "बाबा, बघा तरी, चार आहेत!" आले नाहीत.

सुतपा म्हणाली, "थोडंफार जेवतात. रोज विचारतात, तो कामाला गेला का? गेला म्हटलं की मगच बाहेर येतात."

रविवार, २ फेब्रुवारी

७.५. कालही ७.५, परवाही. नराने पाण्यावर अंड्यांसाठी बुडबुड्यांचं घरटं बांधलंय!

हाबुलदाला दाखवायला नीट तक्ता करावा म्हणून ही वही काढली. एका रकान्यात थेंब, दुसऱ्यात आकडे. ९ तारखेपाशी हात थांबला. डाग.

सुतपाला विचारलं, "चुन्याची पहिली जास्तीची पुडी कधी आणलीस?"

"शुक्रवारी. संक्रांतीआधी मी लक्ष्मीची पूजा केली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. का हो?"

लक्ष्मीची पूजा गुरुवारी. गुरुवार म्हणजे ९. चुना १० पासून.

डाग आधी आला. ६ ते ९ टाकीत फक्त माझं आम्ल पडत होतं. रोज मी आकडा खाली ढकलला, रोज तो वर आला, आणि त्या उड्यांत मासे सोलवटून निघाले. ८.४ मध्ये तर ते खात होते, पोहत होते. काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं! आजारी मी पाडले. बाबा ते बरे करायला बघत होते, त्यांना येत होतं त्या एकाच उपायाने. त्यांनी चुना घातला की मी थेंब वाढवायचो. मग मासे आणखी मलूल व्हायचे, की ते चुना वाढवायचे.

दोन वेळा पडताळून पाहिलं. हिशेब चुकलेला नाही.

चूक झाली असं आजवर कोणाला म्हटलेलं नाही मी. उद्या म्हणणार.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सांगितलं. बाबांच्या पायाशी बसून, तारखांसकट सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही भले गृहस्थ दिसता. पण मासे माझ्याच हातून मेले हो. तेवढं आमच्या खोकाला सांगू नका — फार रागावतो."