मधल्या प्रकरणातला नवरा

भाई,

पेज चुलीवर आहे, वाढून घे. मी मावशीकडे वेंगुर्ल्याला चालले.

तुझी कादंबरी वाचली. आमच्या ह्यांचं गलबत बुडालं, प्रेत हाती लागलं नाही. बारा वर्षं थांबायची रीत. तू तिसऱ्याच वर्षी दर्भाचा पुतळा जाळून माझं कुंकू पुसायला लावलंस. वाट बघू नको म्हणालास. आणि आता कादंबरीत मधोमध कलाटणी हवी म्हणून तसाच बुडालेला नवरा दारात जिवंत उभा करतोस? वर त्याची बायको त्याला बघून बेशुद्ध पडते? लाज कशी वाटली नाही रे!

ते पान चुलीत घातलं. नवं मी लिहून ठेवलंय. ती पडत नाही. तिला मी एक भाऊ दिलाय. नवऱ्याच्या हातात ती पाण्याचा तांब्या देते आणि वळून भावाला जाब विचारते, "माजा कुंकू कित्याक पुसूक लावलंस?"

पुढचं तू लिही.

गंगू